३८ केबीचं मॉडेल २५६ केबीत का मावत नाही?

नेरुळला आमच्या सोसायटीच्या पंपरूममध्ये दोन मोटरी आहेत. खालच्या टाकीत महापालिकेचं पाणी येतं आणि मोटर ते गच्चीवरच्या टाकीत चढवते. मागच्या उन्हाळ्यात वॉचमन काका आठवडाभर सांगत होते, "साहेब, दोन नंबरची मोटर रडतेय." कुणी मनावर घेतलं नाही. आधी बेअरिंग गेलं, मग वाइंडिंग जळलं. मोटर रिवाइंड होऊन येईपर्यंत दोन दिवस टँकर मागवावा लागला आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या आजी-आजोबांनी बादल्या वाहिल्या.

काकांच्या कानाला जे आठवडाभर आधी कळलं होतं, ते एखाद्या छोट्या बोर्डाला का कळू नये, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं. माझं पोटापाण्याचं कामही याच जातीचं आहे. महापेला एका कंपनीत मी लहान चिपांसाठी प्रोग्रॅम लिहितो. न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून ओळखायला शिकणारं मॉडेल) मात्र तोपर्यंत मोठ्या कॉम्प्युटरवरच चालवलं होतं. ते पंपरूमच्या बोर्डावर उतरवताना कळलं की अडचण वेगाची नसते, मेमरीची असते. आणि मेमरी नेमकी कुठे जाते, याचा माझा अंदाज साफ चुकीचा होता. इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा आणि त्याचे मित्रही त्याच चुकीच्या अंदाजाने मॉडेल बनवताना दिसले, म्हणून हे सगळं आकड्यांसकट लिहून काढतोय.

"आवाज रेकॉर्ड करून इंटरनेटवरून मोठ्या सर्व्हरकडे पाठवायचा, हिशेब तिकडेच होईल," असं भाच्याने सुचवलं होतं. पण पंपरूम तळघरात आहे, तिथे मोबाइलची रेंज एका काडीवर येते. शिवाय तिथे दिवसभर माणसांची ये-जा असते, प्लंबर बोलतो, काका घरी फोन करतात. चोवीस तास माइक चालू ठेवून कुणाचं बोलणं बाहेर पाठवायचं हे मला पटत नाही. आवाज बोर्डावरच ऐकायचा, तिथेच निकाल लावायचा आणि आवाज पुसून टाकायचा, हे पहिल्या दिवशीच ठरवलं.

बोर्ड घेतला आर्दुइनोचा नॅनो ३३ बीएलई सेन्स. अंगठ्याएवढा असतो, माइक त्यातच असतो. त्याच्या चिपमध्ये १ एमबी फ्लॅश आणि २५६ केबी रॅम आहे, घड्याळ ६४ मेगाहर्ट्झचं. तुमच्या फोनमध्ये ८ जीबी रॅम असेल, तर ती याच्या बत्तीस हजार पटींहून जास्त झाली. तरी या जातीत हा बोर्ड श्रीमंतच म्हणायचा. शाळेतल्या प्रकल्पांत सर्रास दिसणाऱ्या आर्दुइनो उनो आर३ ला जेमतेम २ केबी रॅम असते.

मॉडेल तीन गोष्टी ओळखणार होतं: मोटर ठीक, मोटर रडतेय, आणि बाकी काहीही. थर, म्हणजे हिशेबाचे एकामागोमागचे टप्पे, दोनच, शेवटी निकालाचा एक. सगळे मिळून ९,६६७ आकडे, म्हणजे दर आकड्याला ४ बाइट धरून ३८ केबी. बोर्डावर २५६ केबी आहेत, आरामात बसेल, असं म्हणून मी प्रोग्रॅम चढवला. बोर्डाने सुरुवातीलाच हात वर केले. हिशेबासाठी लागणारी जागाच त्याला मिळेना.

कागद घेऊन बसलो, तेव्हा ती जागा किती हवी होती ते कळलं. ४९० केबी. फाइल ३८ केबीची आणि भूक ४९० केबीची.

माळा आणि ओटा

ज्यांचं बालपण सिडकोच्या एका खोली-स्वयंपाकघरात गेलंय त्यांना हे कोड्यात टाकणार नाही. आमच्या आईचा ओटा जेमतेम चार फुटांचा होता. माळ्यावर आणि फडताळात मात्र काय नव्हतं? पिठांचे डबे, मोदकपात्र, तीन आकारांच्या पराती, दिवाळीचा सोऱ्या. घरात वस्तू किती आहेत यावरून तिचं कधी अडलं नाही. अडायचं ते एका वेळी ओट्यावर किती भांडी काढावी लागतात यावरून. गणपतीला उकडीचे मोदक करताना एक क्षण असा यायचा की उकडीची परात, सारणाची कढई, तेल-पाण्याची वाटी आणि वळून झालेल्या मोदकांचं ताट, सगळं एकाच वेळी बाहेर असायचं. तेवढ्या वेळासाठी आम्हा भावंडांना स्वयंपाकघरातून हाकललं जायचं.

बोर्डाची फ्लॅश म्हणजे तो माळा. वीज गेली तरी तिथलं सामान तसंच राहतं. मॉडेलचे शिकलेले आकडे, ज्यांना सगळे वेट्स म्हणतात, ते तिथे ठेवता येतात आणि लागतील तसे तिथूनच वाचता येतात. रॅम म्हणजे ओटा. एका थराने हिशेब करून काढलेलं उत्तर पुढच्या थराने उचलेपर्यंत ओट्यावर राहतं. या मधल्या उत्तरांना ॲक्टिव्हेशन म्हणतात. मॉडेलच्या फाइलमध्ये ती नसतातच, कारण ती त्या-त्या वेळच्या आवाजातून तयार होतात. म्हणून फाइलचा आकार पाहून रॅमचा अंदाज बांधणं म्हणजे फडताळ उघडून ओटा पुरेल का हे ठरवणं. मी नेमकं तेच केलं होतं.

आता माझ्या मॉडेलचा हिशेब. एका सेकंदाच्या आवाजातून ३० मिलिसेकंदांचे तुकडे घेतले, दर तुकडा आधीच्यापेक्षा २० मिलिसेकंद पुढे. असे ४९ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यात कोणत्या पट्टीचा आवाज किती, याचे ४० आकडे. म्हणजे ४९ × ४० चं एक चित्र, १,९६० आकड्यांचं. हे चित्र मॉडेलमध्ये जातं.

पहिल्या थरात ३ × ३ च्या ३२ चाळण्या. प्रत्येक चाळणी त्या चित्रावरून फिरते आणि स्वतःचं एक ४९ × ४० चं चित्र काढते. चाळण्यांचे वेट्स किती? ९ गुणिले ३२ आणि वर प्रत्येक चाळणीचा एक जादा आकडा असे ३२, एकूण ३२०. अगदी चिल्लर. पण बाहेर पडणारी चित्रं ३२, म्हणजे ६२,७२० आकडे. दर आकडा ४ बाइटचा, म्हणून २४५ केबी. दुसरा थर तेवढंच सामान आत घेतो आणि तेवढंच बाहेर काढतो. त्याचं काम चालू असताना आतलं उचलून ठेवता येत नाही, बाहेरचं मांडावं लागतं. २४५ आणि २४५, झाले ४९०.

म्हणजे ज्या थराचे वेट्स सव्वा केबीचे आहेत त्याचं उत्तर पाव एमबीचं होतं. चित्र आणि आवाजाच्या मॉडेलमध्ये बहुतेक वेळा हेच दिसतं. सुरुवातीच्या थरांत वेट्स थोडे आणि पसारा मोठा, शेवटच्या थरांत वेट्स ढीगभर आणि पसारा छोटा. चित्रं ओळखणाऱ्या वीजीजी-१६ नावाच्या २०१४ च्या प्रसिद्ध मॉडेलमध्ये सुमारे १३.८ कोटी वेट्स आहेत आणि त्यातले बहुतेक शेवटच्या टोकाला आहेत. पहिल्या थरात दोन हजारही नाहीत, पण त्याचं उत्तर २२४ × २२४ × ६४ चं, म्हणजे बत्तीस लाख आकड्यांचं असतं.

वेधशाळा दिवसाचं कमाल तापमान सांगते तशी मॉडेलची कमाल मेमरी काढायची. कुठल्या थराशी आत आणि बाहेर मिळून सर्वांत जास्त सामान ओट्यावर असतं, ते शोधायचं. बाकीच्या थरांत कितीही काटकसर केली तरी या एका थराची गरज कमी होईपर्यंत रॅमचा एक बाइटही सुटत नाही. भाच्याने दोन दिवस खर्चून शेवटच्या थरातले वेट्स निम्मे केले होते. रॅम तशीच राहिली. बिचारा हिरमुसला, पण कागदावरचा हिशेब त्याला तेव्हा कायमचा कळला.

चार बाइटचं काम एका बाइटमध्ये

पहिला मोठा उपाय म्हणजे क्वांटायझेशन. नाव बोजड आहे, गोष्ट तशी नाही. मॉडेल शिकताना दशांश आकडे वापरतं, ज्यांना फ्लोट३२ म्हणतात. एका आकड्याला ४ बाइट. चालवताना एवढा बारकावा सहसा लागत नाही. म्हणून प्रत्येक आकडा −१२८ ते १२७ या २५६ पूर्णांकांपैकी जवळच्या एकावर बसवायचा. याला इंट८ म्हणतात आणि तो १ बाइट घेतो.

बसवायचा कसा, ते एका आकड्यावर पाहू. समजा एका थराचे वेट्स −१.२७ ते १.२७ च्या मध्ये आहेत. मग एका पायरीची किंमत ०.०१ ठरवायची. ०.३७४२ हा वेट ३७ म्हणून साठवायचा. परत वाचताना ३७ गुणिले ०.०१, म्हणजे ०.३७. चूक ०.००४२ ची. हजारो वेट्समध्ये अशा चुका काही वर, काही खाली जातात आणि बऱ्याच अंशी एकमेकींना खाऊन टाकतात. ॲक्टिव्हेशनसाठी आणखी एक आकडा लागतो. ती अनेकदा शून्याच्या खाली जातच नाहीत, समजा ० ते ६ मध्ये असतात. मग शून्याला −१२८ वर बसवायचं, म्हणजे सगळ्या २५६ पायऱ्या कामी येतात. पायरीची किंमत आणि शून्याची जागा, एवढ्या दोन आकड्यांवर सगळा व्यवहार चालतो. गुणाकारांची बेरीज मात्र ३२ बिटांतच करतात, नाहीतर ती लगेच ओसंडून जाईल.

बिघडतं ते एखादा आकडा बाकीच्यांहून फार मोठा असला की. त्याच थरात एकच वेट १२.७ असेल, तर त्याला सामावून घ्यायला पायरी ०.१ ची करावी लागते. मग ०.३७४२ चा ०.४ होतो आणि ०.०४ सरळ शून्य होतो. वाशीच्या मार्केटला कांद्याचा ट्रक ज्या काट्यावर चढवतात त्याच काट्यावर केशर तोलायला गेल्यासारखं. उपायही बाजाराचाच, ज्याच्या-त्याच्यासाठी वेगळा काटा. थरातल्या प्रत्येक चाळणीला तिची स्वतःची पायरी द्यायची. तिला लागणारी जागा नगण्य असते आणि निकालात पडणारा फरक चांगलाच दिसतो.

ॲक्टिव्हेशनच्या पायऱ्या ठरवायला नमुन्याचे आवाज मॉडेलमधून घालवून प्रत्येक थरात आकडे किती खाली-वर जातात ते पाहावं लागतं. इथे मी चुकलो. नमुने घेतले ते दुपारी, सामसूम असताना. बोर्ड बसवला आणि काही दिवसांत गणपती आले. विसर्जनाचा ढोल-ताशा रस्त्यावरून गेला, त्याचा दणका पंपरूमच्या झरोक्यातून आत आला आणि बोर्डाने ठणठणीत मोटर रडतेय म्हणून लाल दिवा लावला. शांत नमुन्यांवरून पहिल्या थराची हद्द समजा ४ पर्यंत ठरली होती. ढोलाने आकडे त्याच्या दुप्पट वर गेले. हद्दीबाहेरचं सगळं १२७ वरच येऊन आपटलं, म्हणजे वेगवेगळे आवाज मॉडेलच्या लेखी एकच झाले. मग मी मोटर सुरू होतानाचा झटका, टाकीत पाणी पडतानाचा आवाज, बाहेरचा हॉर्न, ढोल, सगळं नमुन्यांत घातलं. मॉडेलकडे आकडे जाण्याआधी त्यांचा लॉगॅरिदम घ्यायलाही सुरुवात केली, म्हणजे मोठा आणि बारीक आवाज यांतली दरी मुळातच कमी होते. क्वांटायझेशन केलं आणि मॉडेल बावचळलं, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आता आधी त्याचे नमुने पाहतो.

इंट८ ने माझे ४९० केबी १२२.५ वर आले. बोर्डावर मावले, पण निम्मी रॅम एकट्या मॉडेलने खाल्ली होती. ब्लूटूथला त्याचा वाटा हवा, माइकला हवा, प्रोग्रॅमच्या स्वतःच्या कामाला हवा. अजून खाली जाणं भाग होतं.

पसारा आधीच आवरणं

मोटरचा आवाज म्हणजे गवयाची तान नव्हे. दर २० मिलिसेकंदांचा तपशील शेवटपर्यंत जपून ठेवायची गरज नव्हती. म्हणून पहिल्या थरातली चाळणी दर घराऐवजी एक सोडून एक घरावर टेकवली. चित्र ४९ × ४० चं २५ × २० झालं, म्हणजे क्षेत्र जवळपास पाव. ३२ चाळण्यांच्या जागी १६ घेतल्या. पहिल्या थराचं उत्तर आता ८,००० बाइट झालं.

दुसऱ्या थरात चाळणीची रचनाच बदलली. नेहमीची चाळणी आतल्या सगळ्या १६ चित्रांवर एकदम काम करते. १६ मधून ३२ चित्रं काढायला तिला ४,६०८ वेट्स लागतात. त्याऐवजी हे काम दोन टप्प्यांत करता येतं. आधी प्रत्येक चित्रावर फक्त त्याची स्वतःची ३ × ३ ची चाळणी, म्हणजे १४४ वेट्स. मग एकाच घरातल्या १६ आकड्यांची वेगवेगळ्या प्रमाणात सरमिसळ करून ३२ आकडे, म्हणजे ५१२. एकूण ६५६, सातपट कमी. गूगलच्या २०१७ च्या मोबाइलनेट या मॉडेलमुळे ही रीत घरोघरी पोचली आणि आज फोनवर कॅमेऱ्यासाठी चालणाऱ्या असंख्य मॉडेलांच्या पोटात ती आहे.

आता कमाल मेमरी कुठे? सरमिसळीच्या टप्प्यात ८,००० आत आणि १६,००० बाहेर, म्हणजे २४,००० बाइट. साडेतेवीस केबी. ४९० वरून एकवीसपट खाली.

इथे मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट हाती लागली. कमाल २४,००० वर ठरली की जिथे गरज त्याहून कमी आहे तिथे आणखी थर घातले तरी रॅमला तोशीस पडत नाही. मी पुढे चित्र १३ × १० पर्यंत उतरवलं. तिथे ३२ चित्रांचं मिळून सामान ४,१६० बाइट. आत-बाहेर धरून साडेआठ हजारांच्या आत. तिथे मी हात आखडता न घेता आणखी थर रचले. फ्लॅशमध्ये काही केबी वाढले, पण माळ्यावर जागा भरपूर होती. मॉडेल आधीपेक्षा जास्त खोल झालं, आवाज जास्त बरा ओळखू लागलं, आणि ओटा तेवढाच राहिला. सुरुवातीला लवकर आकसायचं आणि खोली नंतर वाढवायची. छोट्या बोर्डासाठी मॉडेल बनवणाऱ्या कुणालाही मी हे पहिल्यांदा सांगतो.

भांडी मांडण्याचं काम टेन्सरफ्लो लाइट मायक्रोसारखी लायब्ररी करते. तिला रॅमचा एक सलग पट्टा द्यायचा, त्याला टेन्सर अरीना म्हणतात. कोणतं उत्तर कुठल्या थरापासून कुठल्या थरापर्यंत लागतं हे ती आधीच पाहते आणि ज्याचं काम संपलं त्याच्या जागेवर पुढचं मांडते. पट्टा किती मोठा द्यावा हे सुरुवातीला कळत नाही. मोठा देऊन मॉडेल एकदा चालवायचं, खरोखर किती बाइट वापरले ते तिलाच विचारायचं आणि थोडी सूट ठेवून पट्टा कापायचा. मात्र काही मॉडेलांत एका थराचं उत्तर तीन-चार थर ओलांडून पुढे नेऊन मिळवतात. तसं असेल तर ते भांडं तितका वेळ ओट्यावरून हलवताच येत नाही. शिकण्यासाठी ती रचना गुणाची आहे, पण छोट्या बोर्डावर तिची किंमत रॅममध्ये मोजावी लागते, म्हणून मी ती टाळली.

एका शब्दाची किंमत

मॉडेलबाहेरही रॅम जाते आणि तिकडे फार कमी जणांचं लक्ष असतं. माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये मी एक सेकंदाचा आवाज आधी पूर्ण साठवत होतो, मग त्याचं चित्र करत होतो. आवाजाची सेकंदाला १६,००० मोजमापं, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे ३२,००० बाइट. सडपातळ केलेल्या अख्ख्या मॉडेलपेक्षा जास्त! खरं तर ३० मिलिसेकंदांचा एक तुकडा हातात असला की पुरतो. त्याचे ४० आकडे काढायचे आणि कच्चा आवाज टाकून द्यायचा. तुकडा ४८० मोजमापांचा, ९६० बाइटचा. चित्रातही नवी ओळ आली की सर्वांत जुनी ओळ पुसून तिच्या जागी ही लिहायची. रॅम वाचली आणि कुणाचं बोलणं एका सेकंदासाठीही बोर्डावर साठत नाही, हे मनासारखं झालं.

दुसरी गोष्ट एका शब्दाची. वेट्सचा तक्ता सी भाषेत लिहिताना पुढे 'कॉन्स्ट' लिहायचं असतं. म्हणजे हे आकडे बदलणार नाहीत, माळ्यावरच राहू दे. मी एका फाइलमध्ये तो शब्द विसरलो. कंपायलरला, म्हणजे प्रोग्रॅमचं चिपच्या भाषेत रूपांतर करणाऱ्याला, वाटलं, हे आकडे बदलू शकतात. त्याने बोर्ड सुरू होतानाच सगळा तक्ता फ्लॅशमधून रॅममध्ये उतरवून ठेवला. प्रोग्रॅम बिनचूक चालत होता, म्हणून संशयही आला नाही. एका संध्याकाळी लिंकरची (प्रोग्रॅमचे भाग जोडून मेमरीत जागा ठरवणाऱ्याची) मॅप फाइल ओळीने वाचत बसलो तेव्हा सापडलं. ही फाइल प्रत्येक तक्ता कुठे जाऊन बसला ते सांगते. वाचायला रटाळ आहे, पण महिन्यातून एकदा तरी वाचावी.

तसंच लायब्ररीतल्या सगळ्या क्रिया सरसकट आत घेऊ नयेत. मॉडेल चार-पाच प्रकारच्या क्रिया वापरत असेल तर तेवढ्याच नोंदवाव्यात. त्याने फ्लॅश वाचते.

ज्याचा गाजावाजा जास्त

वेट्स छाटणं, म्हणजे प्रूनिंग, याबद्दल विद्यार्थी मला सर्वांत जास्त विचारतात. २०१५ मध्ये साँग हान आणि सहकाऱ्यांनी छाटणी, क्वांटायझेशन आणि हफमन कोडिंग (वारंवार येणाऱ्या आकड्यांना आखूड खुणा देण्याची रीत) एकत्र करून ॲलेक्सनेट नावाचं चित्रं ओळखणारं २४० एमबीचं मॉडेल ६.९ एमबीवर आणलं. ते काम थोर आहे, शंकाच नाही. पण ते साठवणुकीचं काम आहे, माळ्याचं. वेट्स इकडेतिकडे शून्य केले म्हणून थराचं उत्तर लहान होत नाही. शिवाय तक्त्यात शून्यही जागा घेतोच. शून्य गाळून साठवायचे तर उरलेल्यांचे पत्ते लिहून ठेवावे लागतात आणि एक बाइटच्या वेटला एक बाइटचा पत्ता जोडला तर अर्धा फायदा तिथेच जातो. पंपरूमच्या बोर्डासाठी छाटायचीच तर अख्खी चाळणी छाटावी, म्हणजे तिचं चित्रही जातं आणि रॅम खरोखर सुटते.

मोठ्या मॉडेलच्या उत्तरांवरून छोट्याला शिकवण्याची रीतही आहे. जेफ्री हिंटन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ती मांडली. छोटं मॉडेल नुसतं "ही मोटर रडतेय" एवढं शिकत नाही, तर मोठ्याला किती खात्री होती हेही शिकतं. मी वापरली, फायदा झाला, पण रॅमशी तिचा थेट संबंध नाही. छोट्या केलेल्या मॉडेलची हुशारी टिकवायला ती मदत करते.

याउलट ज्या कामाबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं ते एमआयटीचं. २०२० मध्ये तिथल्या गटाने एमसीयूनेट ही छोट्या चिपांसाठी मॉडेल बनवण्याची पद्धत मांडली आणि बाजारात मिळणाऱ्या मायक्रोकंट्रोलरवर (माझ्या बोर्डावर असते तसल्या लहान चिपवर) चित्रं ओळखण्याच्या इमेजनेट परीक्षेत ७० टक्क्यांपुढे मजल मारली. वर्षभराने त्यांनीच दुसरी युक्ती आणली. सुरुवातीच्या पसरट थरांत अख्खं चित्र एकदम करायचंच नाही. एक कोपरा घ्यायचा, तो दोन-चार थरांतून घालवून लहान करायचा, उत्तर बाजूला ठेवायचं, मग दुसरा कोपरा. परात छोटी असली की उकड थोडी-थोडी मळतात, तसंच. कोपऱ्यांच्या सीमेवरचा हिशेब दोनदा करावा लागतो, हा त्याचा खर्च. पण कमाल मेमरी ४ ते ८ पटींनी उतरते. माझ्या आवाजाच्या मॉडेलला याची गरज पडली नाही. पुढे गेटवर कॅमेरा लावायचा विषय निघाला तर मी इथूनच सुरुवात करेन.

मेमरी वाचवली की वीजही वाचते. मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये मांडलेला एक हिशेब चिपांवर काम करणाऱ्या बहुतेकांना पाठ असतो. ४५ नॅनोमीटरच्या चिपमध्ये ३२ बिटांच्या दोन दशांश आकड्यांच्या गुणाकाराला सुमारे ३.७ पिकोज्यूल ऊर्जा लागते, पण चिपबाहेरच्या डीरॅममधून तेवढाच एक आकडा आणायला ६४०. हिशेबापेक्षा ने-आण महाग. सगळं चिपच्या आतल्या लहान रॅममध्येच आटोपलं, तर बाहेरची रॅम लावावीच लागत नाही आणि छोटी बॅटरी जास्त दिवस पुरते.

हाच गुणाकार-भागाकार तुमच्या हातातल्या फोनवरही लागू होतो. ७ अब्ज वेट्सचं भाषेचं मॉडेल दर वेटला २ बाइटने १४ जीबी होतं, ४ बिटांवर आणलं की साडेतीन. फरक इतकाच की तिथे वेट्ससुद्धा रॅममध्ये यावे लागतात, म्हणून तिथे वेट्स लहान करण्याला पहिला मान.

पंपरूममध्ये बोर्ड आता मोटरपासून हातभर अंतरावर, ओल लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या डब्यात बसवलाय. अरीना ३२ केबीवर कापली आहे. भाचा दर रविवारी येऊन नवे आवाज घेऊन जातो. परवा काका म्हणाले, एक नंबरची मोटर सुरू होताना वेगळाच खणखणाट होतो, तो यात घातलाय का? घातलेला नव्हता. भाच्याने त्यांना मोटर पाच वेळा चालू-बंद करायला लावली आणि ते पाचही आवाज नमुन्यांच्या यादीत चढवले.